चर्चगेटची गर्दी, बोईसरचा फलाट

सेबॅस्टिओ साल्गादोचा तो फोटो इतक्या ठिकाणी छापून आला आहे, की आपण तो पाहिलेला नाही असं म्हणणाऱ्यानेही कुठेतरी पाहिलेलाच असतो. १९९५ साल, चर्चगेट स्टेशन, काळा-पांढरा. कॅमेरा उंचावर आहे. लोकलगाड्या फलाटाला लागलेल्या आहेत. त्यांचे डबे, खिडक्यांच्या चौकटी, स्टेशनचं छत सगळं रेखीव, हात लावला तर थंड लागेल असं. आणि फलाटावर, जिथे माणसं असायला हवीत, तिथे एक करडा लोंढा आहे. धूर म्हणावा तर जड आणि पाणी म्हणावं तर कोरडा. नीट पाहत राहिलं की त्यात मध्येच एखादं डोकं घट्ट होतं, एखादा खांदा सापडतो, आणि मग लक्षात येतं की हा लोंढा म्हणजे घड्याळाकडे बघत ऑफिसला निघालेली हजारो माणसं आहेत.

यात जादू काही नाही. शटर मुद्दाम हळू ठेवलं आहे. ते जितका वेळ उघडं राहिलं तितक्या वेळात जो चालला तो पुसला गेला, जो थांबला तो उरला. कॅमेऱ्याच्या दुकानातला नवशिका मुलगाही हे तंत्र समजावून सांगेल. साल्गादोचं मोठेपण आहे ते हे तंत्र त्याने कशावर वापरलं यात. एरवी गाडी ही धावणारी वस्तू आणि फलाट ही थांबायची जागा. इथे गाड्या दगडासारख्या स्थिर आहेत आणि धावणं सगळं माणसांच्या वाट्याला आलं आहे. मुंबईत नोकरी केलेल्या कुणालाही ही उलटापालट डोळ्यांआधी पायांना कळते. फलाटावर उतरल्यावर आपण चालत नाही, आपल्याला चालवलं जातं. ते चालवलं जाणं कागदावर कसं आणायचं, हा प्रश्न साल्गादोने चेहरे पुसून सोडवला.

तो मुळात अर्थशास्त्र शिकलेला ब्राझिलियन माणूस. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी करता करता कॅमेऱ्याकडे वळला. १९९३ साली जगभरच्या कष्टकऱ्यांवरचं त्याचं पुस्तक आलं आणि २००० साली स्थलांतरावरचं. चर्चगेटचा फोटो या दुसऱ्या कामातला. गाव सोडून शहराकडे निघालेली माणसं हा त्याचा विषय होता, आणि शहराने त्या माणसांचं काय केलं हे त्याला एका चौकटीत सांगायचं होतं. त्या दृष्टीने पाहिलं तर फोटोत वाढवण्यासारखं काही नाही आणि कमी करण्यासारखंही नाही. २०२५च्या मे महिन्यात तो गेला तेव्हा अनेकांना त्याच्या असंख्य फोटोंपैकी हाच आधी आठवला असेल.

पण याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला राहणारा माणूस हा फोटो थोडा वेगळा वाचतो. १९९५ साली लोकल विरारलाच संपायची. विरार ते डहाणू रोड हे पुढचे ६४ किलोमीटर शटल, पॅसेंजर आणि फ्लाइंग राणीच्या भरवशावर होते. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्टेशनं मुंबईकराला वेळापत्रकाच्या तळाशी दिसायची, दिसलीच तर. लोकल इथवर यायला २०१३चा एप्रिल उजाडला आणि पालघर जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४. तरीही १९९५च्या त्या लोंढ्यात पालघरहून अंधारात निघालेला, विरारला गाडी बदललेला कुणीतरी नक्की असणार. त्या करड्यात तो कुठे आहे? हा प्रश्न फोटोवरचा आक्षेप नाही. गावच्या जत्रेच्या फोटोत आपण जसं आपलं माणूस शोधतो, तितकाच तो साधा आहे. फरक इतकाच की इथे सापडत नाही.

चेहरे नाहीत म्हणून सापडत नाही, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण आमच्याच जिल्ह्यात असं म्हणणाऱ्याला थांबवणारी एक चित्रपरंपरा आहे. वारली चित्रातल्या माणसाला कुठे चेहरा असतो? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले, वर एक भरीव गोळा, हातापायांच्या काड्या. ना डोळे, ना नाक, ना वय. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहीत आल्या, आणि त्याच्याभोवती हा बिनचेहऱ्याचा सगळा गाव. तरी कोण काय करतंय याविषयी त्यात कधी शंका राहत नाही. हा ताडावर चढलाय, ही लावणीला वाकलीय, हे दोघं मुसळ घेऊन समोरासमोर कांडतायत, हा तारपा वाजवतोय आणि उरलेले त्याच्याकडे पाठ न करता फिरतायत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भाषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची वीण जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापते, आणि तिच्या कडेला माणसं इतकीशी, पण प्रत्येकाचा हात कशाला लागलाय ते स्पष्ट.

म्हणजे चर्चगेटच्या फोटोत मला जे सापडत नाही ते चेहरे नव्हेत. माणूस काय करतोय ते तिथे पुसलं गेलं आहे. कुणाच्या हातात डबा आहे, कुणी वहाणेचा अंगठा तुटला म्हणून पाय फरपटतोय, कुणी अजून अर्धा झोपेत आहे, हे सगळं एका ‘चालणे’ या क्रियेत विरघळलं. रस्त्यावरच्या फोटोकडून मी अपेक्षा करतो ती याच्या उलटी. त्याने मला माणसाचा हात कशाला लागलाय ते दाखवावं. चेहरा मिळाला तर आनंदच आहे, नाही मिळाला तरी हरकत नाही.

आता हाच कॅमेरा, हेच हळू शटर घेऊन बोईसरच्या पादचारी पुलावर उभं राहावं. साल्गादोला जी उंची लागली ती इथे फुकट मिळते. खाली फलाट आहे, फलाटावर माणसं आहेत, आणि ती थांबलेली आहेत. विरारच्या पुढे लोकल मोजक्याच. एक चुकली की दुसरीची वाट बघण्यात सकाळचा चांगला तुकडा जातो. इथला प्रवासी धावत कमी आणि थांबत जास्त असतो. शटर कितीही वेळ उघडं ठेवा, माणसं पुसली जात नाहीत. पुसली जाते ती गाडी. मधल्या रुळावरून राजधानी जाते, मालगाडी जाते, सुरतेकडची एखादी न थांबणारी एक्स्प्रेस जाते आणि फोटोत तिचा नुसता एक रंगीत पट्टा उरतो. चर्चगेटला गाड्या ठसठशीत आणि माणसं धूसर, बोईसरला माणसं ठसठशीत आणि गाडी धूसर. एकच रेल्वे, एकच यंत्र, आणि दोन टोकांना दोन उलट चित्रं. साल्गादोच्या फोटोचं मला कळलेलं सगळ्यात मोठं मर्म हे, की त्याने काय पुसलं जातं हे दाखवलं. बोईसरचा फोटो काय पुसलं जात नाही हे दाखवील.

आणि थांबण्याच्या तऱ्हा तरी किती! रात्रपाळी उतरलेला कंत्राटी कामगार खांबाला पाठ लावून उकिडवा बसतो, रिकामा डबा दोन पावलांच्या मध्ये. त्याचं बसणं पाठीचं आहे, तो पाठीला सुट्टी देतोय. तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीतला इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसत नाही. तो उभा राहतो, आणि आपला डबा जिथे येणार तिथे नेमका उभा राहतो, कारण त्याला बारा डब्यांचा हिशेब पाठ आहे. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बायका फलाटाच्या टोकाकडे जमतात. त्या थांबलेल्या असल्या तरी त्यांचं काम थांबलेलं नसतं; ओल्या फडक्याखाली हात सतत चाललेला. पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली बाई पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळाच्या जुड्या मांडून पुलाच्या पायथ्याशी बसते. शेजारी काकडांचा वाटा, कारण काकडं टाकल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, आणि हे न कळणाऱ्या गिऱ्हाइकाला ती भाजी देताना जरा साशंकपणे बघते. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुलं मोठी बॅग घेऊन उभी असतात. ती लोकलची नव्हे, लांबच्या गाडीची वाट बघतायत, आणि ते त्यांच्या बॅग धरण्यावरून कळतं. लोकलवाला बॅग पुढे घेतो, लांबचा प्रवासी तिच्यावर बसतो.

ही सगळी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं काही कारणही नसतं. कामगाराचा नाका वेगळा, कॉलनीचा बाजार वेगळा, पाड्याची वाट वेगळी. स्टेशनच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसी, तिच्यापलीकडे चिंचणी-तारापूरचा किनारा. पूर्वेला चिल्हारचा रस्ता हायवेकडे जातो आणि दोन्ही अंगांना आदिवासी पाडे लागतात. हे तीन मुलूख दिवसातून काही मिनिटं एका फलाटावर एकत्र उभे राहतात, एवढंच. जनगणनेच्या तक्त्यात ते वेगवेगळ्या रकान्यांत जातात आणि बातमीत वेगवेगळ्या पानांवर. फोटोत मात्र एका चौकटीत येतात, आणि फोटोला त्यांच्यात नातं जोडून दाखवायची सक्ती नसते. लेखकाला ती असते. दोन माणसं एका वाक्यात आणली की मधे क्रियापद घालावं लागतं. फोटोग्राफर त्यांना नुसतं शेजारी उभं करून निघून जाऊ शकतो. या बाबतीत मला त्याचा हेवा वाटतो.

रस्त्यावरचा फोटो म्हणजे ‘अचूक क्षण’ अशी एक समजूत आंरी कार्तिए-ब्रेसाँमुळे घट्ट झाली. १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनच्या मागे डबक्यावरून उडी मारणारा त्याचा माणूस, पायाची टाच पाण्याला टेकायच्या आत टिपलेला. मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीतही एक आकृती तशीच झेपावते आहे. तो फोटो थोर आहे, पण त्याने पुढच्या पिढ्यांना उडीची वाट बघायला लावलं. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे डबक्यांना तोटा नाही आणि उड्यांनाही. म्हणून तशा फोटोंनाही तोटा नाही, मोबाइल उघडला की रोज एक दिसतो. उडी ही घटना आहे. थांबणं ही घटना नाही; त्याला अचूक क्षणच नसतो. खांबाला टेकून बसलेल्या माणसाचा फोटो आत्ता काढा की पाच मिनिटांनी, फरक पडतो तो काढणाऱ्यात. पहिल्या मिनिटाला त्याला ‘थकलेला कामगार’ दिसतो. पाचव्या मिनिटाला दिसतं, की डब्याच्या झाकणावर रंगाने नाव लिहिलंय, एका बुटाची नाडी दुसऱ्या रंगाची आहे, आणि हा माणूस थकलेला वगैरे काही नाही, तो मोबाइलवर कुणाशी तरी लाडीगोडीने बोलतोय.

कार्तिए-ब्रेसाँचाच एक वेगळा फोटो मला तारापूरच्या दृष्टीने जास्त जवळचा. १९६६ साल, केरळातलं थुंबा. भारताचे सुरुवातीचे अग्निबाण तिथून उडत होते. फोटोत अग्निबाणाच्या टोकाचा सुळका सायकलच्या कॅरिअरवर ठेवलेला आहे आणि सायकल हाताने ढकलत नेली जाते आहे. हा फोटो गेली काही वर्षं फार भाबडेपणाने फिरवला जातो: बघा, आपण कुठून कुठे आलो! त्यात चूक नाही, पण फोटोत याहून बारीक गोष्ट आहे. त्या सायकलीला आपण काय वाहतोय याची काही कल्पना नाही. दुधाची बरणी, गॅसचा सिलिंडर, भावाची बायको, अग्निबाण, तिला सगळं सारखं. आणि सुळका बांधण्याची, तोल सांभाळण्याची तऱ्हाही तीच, जी रस्त्यावर आपण रोज बघतो. विज्ञानाची भव्यता दाखवायला कार्तिए-ब्रेसाँने अग्निबाण उडतानाचा फोटो निवडला नाही. त्याने माणसाचा हात कशाला लागलाय ते पाहिलं. म्हसे यांनाही हे पटलं असतं असं मला उगाचच वाटतं.

त्या वेळी अवकाश संशोधन अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली होतं, आणि थुंब्याला ती सायकल चालली होती त्याच सुमारास इकडे तारापूरच्या किनाऱ्यावर देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं. १९६९ साली पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून वीज सुरू झाली. तिसरं आणि चौथं युनिट, प्रत्येकी ५४० मेगावॉटचं, २००५-०६मध्ये आलं, आणि त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं जागची उठली. तारापूर म्हटलं की देशाच्या डोळ्यांपुढे जे येतं ते समुद्राच्या बाजूने, लांबून काढलेलं चित्र: चौकोनी इमारती, धुराडं, आभाळ. जवळून फोटो काढायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी. पण तो मनाईचा फलक फोटोग्राफरवर एक उपकार करतो. तो त्याची पाठ केंद्राकडे आणि तोंड रस्त्याकडे करतो. रस्त्यावर सायकली आहेत. सायकलीवर सुकटीचं पोतं आहे, शाळेतून आणलेली मुलगी आहे, पीव्हीसीच्या पायपाची मोळी आहे. अणुयुगाचा फोटो इथे काढायचा तर तो असाच निघेल, आणि १९६६च्या त्या फोटोपेक्षा त्यात फारसं काही बदललेलं दिसणार नाही. पोफरणचा माणूस त्या रस्त्यावर भेटला तर मात्र गोष्ट वेगळी. त्याच्या गावाचा फोटो आता रस्त्यावर काढता येत नाही. तो कुणाच्या तरी जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये, वरातीच्या मागे, चुकून आलेला असेल.

रघुवीर सिंगांकडे वळायला हवं, कारण साल्गादो आणि कार्तिए-ब्रेसाँ हे दोघेही काळ्या-पांढऱ्याचे, आणि बोईसर काळ्या-पांढऱ्यात मावत नाही. सिंग जयपूरचे. आयुष्यभर त्यांनी रंगीत फिल्मच वापरली, तीही अशा काळात जेव्हा गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असं जगभर धरून चाललं होतं. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४चं, त्यात व्ही. एस. नायपॉल यांच्याशी त्यांनी केलेल्या गप्पाही आहेत. १९८९ साली त्यांनी झवेरी बाजारातल्या सराफी पेढीचा एक फोटो काढला. त्यात काच आहे. काचेपलीकडचं दुकान आणि काचेवर पडलेला रस्ता एकाच चौकटीत येतात, आणि दागिना बघणारं कोण, रस्त्यावरून जाणारं कोण, हे ठरवायला डोळ्याला मेहनत घ्यावी लागते. सिंगांची गर्दी साल्गादोच्या गर्दीसारखी वितळत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी रचलेली असते: इथे एक हात, तिथे अर्धा चेहरा, मधे साडीचा एक पट्टा. प्रत्येक तुकडा आपापल्या कामात गर्क. चौकटीत इतकं भरूनही काही कोंबलंय असं वाटत नाही, हे त्यांचं खास कसब.

हा फोटो पालघरच्या माणसाने पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे आणखी एक थर येतो, जो काचेत नाही. चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात घरोघर डायमेकिंग चालतं. दागिन्याची नक्षी ज्या पोलादी ठशावर उठवतात तो ठसा, म्हणजे डाय, इथले कारागीर छिन्नीने कोरतात. झवेरी बाजारातल्या त्या काचेमागे मांडलेल्या एखाद्या पानड्याचा उलटा आकार आधी चिंचणीच्या पडवीत, बल्बच्या खाली, कुणाच्या तरी मांडीपाशी पोलादात उतरलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. डायमेकरचं काम बघण्यासारखं असतं. डोळा कामाच्या इतक्या जवळ, की माणूस पोलादाचा वास घेतोय असं वाटावं. आणि त्याला सगळं उलटं दिसावं लागतं: जिथे दागिन्यात उंचवटा तिथे ठशात खळगा. फिल्मच्या निगेटिव्हशी त्याचं नातं सांगायचा मोह होतो, पण तो कारागीर अशा तुलनांना हसेल. तो पैसे नगावर घेतो.

सिंगांनी पालघरचा रस्ता टिपला असता तर काय टिपलं असतं, याचा मी कधीकधी विचार करतो. पाचबत्तीचा चौक नक्की. १४ ऑगस्ट १९४२ला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यांचं स्मारक त्या चौकात आहे. आणि त्याच्याभोवती रिक्षा, केळवे-माहीमच्या पानांचे करंडे, क्लासला निघालेली मुलं, राजकीय पक्षांचे फ्लेक्स. फ्लेक्सवर डझनभर चेहरे, सगळे हात जोडलेले, सगळे आपल्याकडे बघणारे. आणि चौकातली जिवंत माणसं कुणीच कुणाकडे बघत नाहीत. सिंगांना हे आवडलं असतं. त्यांनी ते विनोद म्हणून वापरलं नसतं, नुसतं रंगांच्या जुळणीत बसवलं असतं. बोईसरमध्ये मग त्यांना एमआयडीसीचे रंग मिळाले असते. इथे रंगरसायनं बनतात, कापड बनतं, पोलाद बनतं, औषधं बनतात. पाळी सुटली की काही कामगारांच्या नखांत निळं असतं, काहींच्या कोपरापर्यंत पिवळं. साबणाने जात नाही. कृष्णधवल फोटोत तो हात नुसता मळका दिसेल. त्या माणसाने दिवसभर काय केलं याचा पुरावा म्हणजे तो रंगच, म्हणून या गावाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: फोटो रंगीतच हवा. काळं-पांढरं केलं की गरिबी छान दिसते, आणि छान दिसणारी गरिबी मला नेहमी संशयास्पद वाटत आली आहे.

परक्या माणसाने कॅमेरा घेऊन इथल्या पाड्यात शिरणं सोपं नाही, आणि त्यामागचं कारण सगळ्या देशाला माहीत आहे. एप्रिल २०२०मध्ये गडचिंचल्यात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. ते भयंकर कृत्य देशाने पाहिलं ते मोबाइलवर घेतलेल्या चित्रणातून, आणि अनेकांसाठी पालघर हे नाव त्या चित्रणालाच कायमचं चिकटलं. म्हणजे हा जिल्हा बाहेरच्याला तीन चित्रांत माहीत: हॉटेलच्या भिंतीवरची वारली नक्षी, लांबून दिसणारं अणुकेंद्र, आणि रात्रीचं ते थरथरतं दृश्य. या तिन्हींच्या मधला जो रस्ता आहे, जिथे माणसं शेवळं विकतात आणि गाडीची वाट बघतात, त्याचे फोटो नाहीत असं नाही. पण ते एकत्र कुठे लावलेले दिसत नाहीत.

एक फोटो मात्र इथे घाऊक निघतो. एमआयडीसीच्या नाक्यावरच्या कुठल्याही लहान स्टुडिओत जा. गेटपाससाठी, बँकेच्या खात्यासाठी, ठेकेदाराच्या रजिस्टरसाठी पासपोर्ट साइजचे फोटो काढायला मुलं रांगेत असतात. पांढरा किंवा निळा पडदा, खांदे सरळ, कान दिसले पाहिजेत, हसू नको. गळ्यातल्या पट्ट्याला लटकून हा फोटो कारखान्यात जातो, पाळी भरतो आणि संध्याकाळी बाहेर येतो. त्यात चेहरा अगदी स्वच्छ आहे आणि बाकी काहीच नाही. गाव नाही, हात नाही, नखांतला निळा रंग नाही, कुणाची वाट बघणं नाही. साल्गादोने माणसाचा चेहरा पुसून गर्दी ठेवली. गेटपासने गर्दी पुसून चेहरा ठेवला. गंमत अशी, की पाळी सुटल्यावर तोच मुलगा पट्टा खिशात कोंबतो, दोन मित्रांना बाजूला घेतो, मागे नवीन दुचाकी किंवा नुसतं आभाळ येईल अशा बेताने मोबाइल उंच धरतो आणि स्वतःचा फोटो काढतो. मागचं काय यावं आणि काय येऊ नये याचा त्याने केलेला विचार बघण्यासारखा असतो. कारखान्याची भिंत सहसा चौकटीबाहेर जाते. गावी आईला पाठवायचा फोटो आहे तो.

मुंबईतल्या दालनांत रस्त्यावरच्या फोटोंची प्रदर्शनं भरतात, मोठे प्रिंट, भरपूर पांढरी मोकळी भिंत, खाली छोटी चिठ्ठी. बोईसरचे फोटो कुणी गंभीरपणे काढले तर ते तिथेही जावेत, जरूर जावेत. पण आधी ते याच स्टेशनच्या पुलावर, कठड्याला दोरीने बांधून लावावेत असं मला वाटतं, पाळी सुटायच्या वेळेला. तिथे चिठ्ठी लागणार नाही. माणसं थांबतील, कारण गाडीला तसाही वेळ असतो. मग वाद सुरू होतील: हा आपल्या लाइनमधला का? ही तर कुडणची वाटते, पाटी बघ ना. हा फोटो सकाळचा नाही, संध्याकाळचा आहे, सावली कुठल्या बाजूला पडलीय बघ. आणि शेवळंवाल्या बाईच्या फोटोसमोर कुणीतरी नक्की म्हणेल, की काढणाऱ्याला काही कळत नाही, काकडं तर चौकटीबाहेरच राहिली.